वरची मूठ

गज्या, तुझ्या फोटोला त्यांनी ब्लेझर घातला.

वडनेरच्या फाट्यावर तुझा बॅनर लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली अठरा जणांची नावं, प्रत्येकाचा आपापला हसरा फोटो, आणि वर मधोमध तू. फोटो मी काढलेला आहे. कापसाच्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन तू तारा बदलत होतास, तेव्हाचा. त्यातलं नुसतं मुंडकं उचललं. गिटार काढली, मांडी काढली, मागचा कापूस काढला, आणि कुठल्या तरी परक्या माणसाच्या निळ्या ब्लेझरवर तुझं डोकं नेऊन बसवलं. टायसकट. तू जन्मात टाय लावला नाहीस, आणि आता चौकात पतसंस्थेच्या मॅनेजरसारखा उभा आहेस. तेरवीसाठी एसटीतून उतरलो आणि आधी ते दिसलं. रडू आलं नाही. शिसारी आली.

मंडपात पंगत बसली होती. माझ्या शेजारी तुमच्या गल्लीतले ते म्हातारबा होते, तुझ्या गिटारीने म्हैस पान्हा चोरते अशी तक्रार सरपंचाकडे नेणारे. त्यांनी दोनदा बुंदी घेतली, बोटं चाटली आणि मला म्हणाले, "लय गुणी पोट्टं होतं हो. काय वाजवे! गावाचं नाव काढलं असतं त्यानं." याच माणसाने तुझ्या आईला तुझ्यासमोर ऐकवलं होतं, "वावर सोडून टिंगटिंग करून राह्यलं तुह्यं पोट्टं." मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही खोटं नाही. मी ताट तसंच ठेवून उठलो.

पण दुसऱ्यांवर किती थुंकायचं? खरी घाण माझ्याच हाताला लागलेली आहे आणि ती तुला सांगायची राहून गेली. म्हणून हे लिहितोय. तुला माहीत असलेलं पुन्हा लिहीन, ते चालवून घे. मी कारकून माणूस. विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय मला अर्ज पुढे सरकवता येत नाही.

विषय आपलं गाणं. त्याला नाव कधी पडलंच नाही, आपण त्याला 'सातवालं' म्हणायचो, कारण ते सात मात्रांत चालतं. अकरा मिनिटांचं आहे. माझ्या बायकोने एकदा सहा मिनिटं शांतपणे ऐकून विचारलं होतं, "छान आहे. सुरू कधी होणार?" तुला हे सांगितलं तेव्हा तू फोनवर इतका हसलास की तुला ठसका लागला. असल्या गाण्यांचं वेड आपल्याला कॉलेजात लागलं. बुलढाण्यात आपण भाड्याने घेतलेली ती पत्र्याची खोली, तुझ्या मामाचा जुना वॉकमन, आणि इअरफोनची जोडी एकच. डावा कान तुझा, उजवा माझा. मधेच ताल बदलणारी, संपता न संपणारी ती गाणी आपण तीन वर्षं अशी अर्धी-अर्धी ऐकली. पुढे नोकरी लागल्यावर मी पहिला चांगला हेडफोन घेतला, आणि डावीकडून अशी काही वाद्यं ऐकू आली की मी दचकलो. तुला फोन केला. तू म्हणालास, "मंग? इतले वर्ष मी काय ऐकून राह्यलो होतो? तेच त!" तेव्हापासून तुझी गिटार मी कायम डावीकडे ठेवली.

गाणं मूळ पुण्याच्या अद्वैतचं. त्याची माझी ओळख इंटरनेटवर झाली, असलीच गाणी ऐकणाऱ्यांच्या एका गटात. त्याने चाल बांधली, कीबोर्ड वाजवला, ड्रम कॉम्प्युटरवर रचून दिले. बेस माझा, गिटार तुझी. आणि मिक्सिंग माझं. म्हणजे तीन माणसांनी तीन गावांत वाजवलेलं, एकाच खोलीत बसून वाजवल्यासारखं भासवायचं. आपण तिघं एका खोलीत कधी बसलोच नाही. आता बसणारही नाही.

अद्वैतचं वाजवलेलं दोन मिनिटांत माझ्या कॉम्प्युटरवर उतरायचं. तुझं मात्र एसटीने यायचं. तुझ्याकडून अपलोड ऐंशी टक्क्यांवर गेलं की लाइट जायची, किंवा तुझा डेटा संपायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तू वैतागून मेमरी कार्ड आगपेटीत घातलंस, घरच्या कापसाचं बोंड वर दाबलंस, रबर लावलंस आणि सकाळच्या बुलढाण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिलंस. मोताळ्यावरून राजूर घाट चढून तुझी गिटार साडेदहापर्यंत बुलढाण्याच्या स्टँडवर. तिथून माझं ऑफिस पाच मिनिटांवर. मी हजेरी लावून चहाला म्हणून बाहेर पडायचो आणि आगपेटी घेऊन यायचो. ड्रायव्हर विचारायचा, "साहेब, हे बिडी न पिणाऱ्याले माचिस कायले लागते रोज?" परतीच्या गाडीने माझं मिक्स त्याच आगपेटीतून तुझ्याकडे जायचं.

हे मी अद्वैतला सांगितलं तर तो म्हणाला, "बसने? किती गोड रे!" तो 'गोड' शब्द मला आजही गिळवत नाही. त्याच्याशी बोलताना माझी भाषाही आपोआप बदलते, तुला ठाऊक आहे. ऑफिसात साहेबांपुढे बदलते तशीच. फोन ठेवला की चूळ भरावीशी वाटते.

त्याने एकदा विचारलं होतं, "गजाननच्या रूमची ट्रीटमेंट कोणी केलीय? एवढा कोरडा आवाज मला इथे पैसे मोजून मिळत नाही." ट्रीटमेंट! छतापर्यंत कापूस भरलेली तुमची मागची खोली. तू गंजीवर खड्डा करून त्यात बसायचास, आवाज कुठे आपटायलाच जागा नाही. कापूस विकला गेला की खोली घुमायला लागायची आणि तू म्हणायचास, "आता पुढच्या सीझनपर्यंत स्टुडिओ बंद." त्या कापसाची अंगाला खाज सुटते, ती तुझ्या प्रत्येक टेकमध्ये आहे. गिटार थांबली की खर्रखर्र. अद्वैतने ती मला साफ करायला लावली. मी केली. ती करायलाच हवी होती, त्याचं दुःख नाही.

दुःख मुठीचं आहे.

तुझा सोलो, गिटारीसाठी राखलेला मधला तुकडा, आला त्या दिवशी मी ऑफिसात फाइल उघडी ठेवून मनातल्या मनात पाय वाजवत होतो, इतका तो डोक्यात बसला. सात-सातची चार आवर्तनं वाजवायची, आणि मग पुढच्या ओळीला जाण्याआधी तू एक ठोका जास्त मारायचास. एकच स्वर, मोकळा. त्या वेळी बाकी सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि मग पुढच्या सातला सुरुवात. असं आठ वेळा. मला पहिल्यांदा वाटलं तू चुकलास. दुसऱ्या ओळीला वाटलं पुन्हा चुकलास. आठव्या वेळी कळलं की हा मुद्दाम करतोय. फोन लावला तर तू म्हणालास, "काऊन? माय ज्वारी कशी मोजते, पाह्यलं नाही का तू? मापं झाले का वर एक मूठ टाकते. तशी टाकली."

मी म्हणालो, "अरे पण ताल सातचा आहे."

"मंग सातच त हाये. मूठ मापात धरतेत काय बे?"

"ऐकणारा अडखळेल."

"अडखळू दे ना. जरासा थांबन. घाई काय हाये त्याले?"

अद्वैतला घाई होती. मिक्सिंग करताना कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या रेघा असतात, प्रत्येक मात्रेला एक. अद्वैतचे ड्रम त्या रेघांवर टाचून बसवलेले. तुझी मूठ पडली की पुढचं सगळं एक रेघ सरकतं, मग ड्रमही सरकवा, कीबोर्डही सरकवा. "सुधीर, तो सातनंतर एक्स्ट्रा मारतोय रे," तो म्हणाला. "हे चुकल्यासारखं ऐकू येतं. म्हणजे मला कळतंय, त्याचं ते रस्टिक फीलिंग वगैरे, पण लोक हसतील. कापून टाक ना, त्याला काय कळणारे?"

त्याला काय कळणारे. हे वाक्य ऐकून मी फोन आपटायला हवा होता. मी काय म्हणालो माहितीये? "बघतो." आमच्या खात्यातला सगळ्यात घाणेरडा शब्द. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि माणूस गेला की फाइल हवी तशी फिरवायची.

पुढच्या रविवारी सकाळी मी बसलो आणि आठही मुठी कापल्या. आठ ठिकाणी कात्री लावून, मागचं-पुढचं जोडून, जोड ऐकू येऊ नये म्हणून त्यावर हात फिरवून. छान काम झालं. माझ्या हातचं इतकं सफाईचं काम दुसरं नसेल. ते पुण्याला पाठवलं. आणि दुपारी मुठींसकटचं दुसरं मिक्स केलं, कार्डावर घातलं, आगपेटीत ठेवलं आणि तुला पाठवलं. तू रात्री फोन केलास, "ठेवल्या बे तू! मले वाटलं तो पुणेकर ठेवू देते का नाही." मी म्हणालो, "मग काय, माझ्या हातात आहे मिक्स."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर दोन्ही घरी जेवलो. तीन महिने. प्रत्येक सुधारणा दोनदा करायची, एक त्याच्यासाठी, एक तुझ्यासाठी. स्वतःला सांगायचो की शेवटी काय ते बघू, आत्ता कशाला कोणाचं मन दुखवा. खरं म्हणजे मला त्या पुण्याच्या माणसाकडून 'वा' हवी होती. तुझी तर हक्काची होती, ती कुठे जाणार होती? हे लिहिताना मला स्वतःच्या तोंडाचा वास येतोय.

मग त्या शनिवारी अद्वैतने अर्ध्या मिनिटाचा तुकडा इंटरनेटवर टाकला, लोकांना चव दाखवायला. नेमका तुझ्या सोलोचा, दोन ओळींच्या सांध्याचा. बिनमुठीचा. आपल्या तिघांची नावं खाली होती आणि तू ऐकला आहेस हेही दिसत होतं. मी दिवसभर फोन हातात धरून होतो. तू शिव्या देशील, तुझ्या त्या खास, आईबहिणीवरून न जाणाऱ्या पण कातडी सोलणाऱ्या. काय उत्तर द्यायचं ते मी तयार करून ठेवलं. तू फोन केला नाहीस. रविवारीही नाही. आणि मला, गज्या, हायसं वाटलं. वाटलं, गेलं टळून. सोमवारी मीच करीन म्हटलं, सोमवारी ऑफिसात तपासणी निघाली. मंगळवारी सकाळी साडेनऊला तुमच्याकडून फोन आला, तो दुसऱ्याच आवाजातला. फाट्यावरून घरी येऊन तू चहा घेतलास, बाजेवर टेकलास, आणि उठलाच नाहीस.

तिसऱ्या दिवशी, तुझी राख सावडून मी एसटीत बसलो होतो, तेव्हा अद्वैतचा मेसेज आला. फार वाईट झालं, माझी झोप उडाली, वगैरे. आणि खाली, "गाणं लवकर रिलीज करूया का? आता लोक जास्त कनेक्ट होतील. सुरुवातीला त्याच्या नावाची पाटी टाकू." मी मेसेज दोनदा वाचला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "गाडी लागून राह्यली का भाऊ?" मी हो म्हणालो आणि खिडकीतून खरंच ओकलो.

तर ती तेरवी. पंगत सोडून मी मागे गेलो, तुझ्या खोलीकडे. कापूस अजून तसाच आहे. मधे तुझ्या बुडाचा खड्डाही तसाच. गिटार भिंतीला टेकवलेली, आणि तिच्या मानेत कोणीतरी प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातला होता. तो मी काढून टाकला. तेवढ्यात मावशी आल्या. तुझ्या आईला मी कधी नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं, त्या इतक्या लहान आहेत अंगाने.

"बापू, जेवला नाही तू," त्या म्हणाल्या.

"जेवलो मावशी."

"खोटं नोको बोलू. पाह्यलं मी." मग म्हणाल्या, "थांब जरा. तुह्यी तूर हाये."

तू माझ्यासाठी तूर काढून ठेवली होतीस. दरवर्षी देतोस तशी. मी म्हणालो, आज नको मावशी, असं आज काही नेऊ नये. त्या म्हणाल्या, "तेरवी झाली, सुतक फिटलं. त्यानं तुह्या नावानं ठेवली, मी कोनाले देऊ?" आणि खाली बसल्या. शेराचं माप घेतलं, माझी पिशवी पुढे ओढली आणि मोजायला लागल्या. "लाभ," पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "दोन. तीन." आवाज फुटत होता, पण मोजणं चुकलं नाही. सात झाली, थांबल्या, आणि ढिगात हात घालून एक भरलेली मूठ पिशवीत सोडली.  तो आवाज, तुरीवर तूर पडण्याचा, तुझ्या त्या मोकळ्या स्वरासारखाच होता. मी इतकी वर्षं पिशवी नेत आलो आणि हे कधी ऐकलं नाही.

मग त्यांनी वर पाहिलं. "त्या गाण्यात त्याची मूठ ठेवली ना बापू? लय सांगे मले. सुध्यानं ठेवली म्हने माय, पुन्याच्या लोकाइले न जुमानता ठेवली."

मी म्हणालो, "हो मावशी. ठेवली."

तुझ्या आईशी. तुझ्या तेरवीला. तुझ्या तुरीची पिशवी हातात धरून. शिसारी शब्द अपुरा पडतो रे. फाट्यावर पुन्हा त्या बॅनरखाली उभा राहिलो तर वाटलं, त्या ब्लेझरवर मुंडकं माझं शोभलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना स्टँडवरून हाक आली. आपला ड्रायव्हर. "साहेब! तुमची माचिस राह्यली ना माह्याजवळ. दोन हप्ते झाले. त्या दिवशी तुम्ही आलेच नाही, मंग मी लग्नाच्या सुट्टीवर गेलो." आगपेटी त्याने सीटजवळच्या कप्प्यात ठेवली होती. मी म्हणालो, कोणत्या दिवशी? "मंगळवारच होता. तुमच्या दोस्तानं सकाळी सकाळी देल्ली. म्हने, आजच द्या हं, आजच."

त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो गाडीच्या पायरीवर बसला. "हे काय म्हनता साहेब? धडधाकट होता ना. माह्या हाताले हात लावला त्यानं." इतक्या दिवसांत तुझ्या जाण्यावर कोणी माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलं.

आगपेटी उघडायला मला रविवार लागला. कापूस काढला, कार्ड लावलं. आधी तुझ्या दोन टाळ्या. तिघांचं वाजवणं पडद्यावर एकावर एक नीट बसावं म्हणून सुरुवातीला एक टाळी द्यायची असं आपलं ठरलं होतं, तू नेहमी दोन द्यायचास. मग सोलो. तोच सोलो, पुन्हा वाजवलेला. पहिली चार आवर्तनं झाली, मी मुठीसाठी थांबलो, आणि तू सरळ पुढच्या सातात गेलास. मूठ नाही. दुसरी ओळ, मूठ नाही. शेवटपर्यंत नाही. एकही स्वर रेघेबाहेर नाही, माझ्या कात्रीला काम ठेवलं नव्हतंस. अद्वैत ऐकून खूश झाला असता. मला ते ऐकवेना. चोख होतं, आणि त्यात तू कुठेच नव्हतास.

टेक संपला की पुढचं मी नेहमी न ऐकता कापतो. हात सवयीने तिथे गेलाही होता. पण खाजवल्याचा आवाज आला, खर्रखर्र, आणि मी हात मागे घेतला.

मग तू बोललास. "हं. घे बे सुध्या. बिनमुठीचं. पुन्याच्या रेघेवर बसते का पाह्य." पुढे म्हणालास, "मले राग नाही आला, असं नाही. आला. दोन दिवस आला. मंग म्हटलं, तुले दोघाइले खुश ठेवाचं होतं, त्यात तूच भरडला. तुह्या आवाजावरूनच समजे मले. मले काऊन नाही सांगितलं बे? इतला मोठा झालो का मी?" मग पुन्हा खाजवलंस. "जाऊ दे. मायले नोको सांगजो."

माझी पहिली भावना काय होती, खरं सांगू? संताप. तुझ्या या शहाणपणाची मला किळस आली. माफ कशाला केलंस? शिव्या द्यायच्या होत्यास. दोन दिवस राग आला होता तर त्या दोन दिवसांतच फोन करायचा होतास, मी उचलला असता. उचलला असता ना? बेल वाजली असती आणि मी तुझं नाव बघत बसलो असतो, हीही शक्यता आहे. ती तू ओळखली असशील.

कार्ड अजून चालूच होतं. तू म्हणालास, "अन् आयक. मुठी अलग ठेवल्या. टाकाच्या असल्या त टाक, नाही त राहू दे. तुह्या हातात हाये मिक्स." माझंच वाक्य. आणि मग तू एक स्वर वाजवलास. मोकळा. तो पूर्ण विरू दिलास. मग दुसरा. एकेक, सुटा सुटा, मधे जागा सोडून, मला उचलायला सोपं जावं म्हणून.

दुपारी अद्वैतला फोन लावला. तुझ्याशी बोलतो त्या भाषेत बोललो, पहिल्यांदाच. म्हणालो, "आयक अद्वैत, मुठी राह्यतीन. ड्रम मी सरकवतो. नसन सरकवू द्याचे त माह्या बेस अन् गज्याची गिटार काढून घे गाण्यातून, अन् त्याच्या नावाची पाटीही."  तो म्हणाला, "सुधीर, तू आत्ता इमोशनल आहेस." मी म्हणालो, "हाव." त्याने "बघतो" म्हणून फोन ठेवला. आता त्याची पाळी आहे बघायची. त्याने त्याचे ड्रम वापरू दिले तर ठीक, नाही तर हे गाणं ड्रमशिवाय वडनेरला एसटीने जाईल, मावशींच्या हातात. त्यांना मात्र खरं सांगणार आहे मी. तू नको म्हणालास, पण तुझं सगळंच ऐकायचं असं कधी ठरलं होतं?

मग कामाला बसलो. तुझा जुनाच सोलो घेतला, अडखळवणारा, आणि कात्री लावलेल्या जागा उघडल्या. कापलेले जुने ठोकेही होते माझ्याकडे, पण ते नको वाटले. तू शेवटच्या सोमवारी वाजवलेले घेतले, राग आणि माफी दोन्ही झाल्यावरचे. पहिली मूठ पहिल्या जागी ठेवली. पुढचं सगळं एक रेघ सरकलं, बसलं. दुसरी ठेवली. तिसरी. डावीकडे, तुझ्या कानाच्या बाजूला. आठवी ठेवली, सोलो पुरा झाला, आणि मी कार्डावरचं राहिलेलं बंद करायला गेलो तर तिथे अजून एक स्वर होता.

मला वाटलं मी एखादी जागा सोडली. सोलो पहिल्यापासून मोजला. लाभ, दोन, तीन करत आठ आल्या, सगळ्या जागच्या जागी. मग तू दिलेल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

आठ लागत होत्या, गज्या. तू नऊ टाकल्यास.